बल आणि गती मोजून शिका: इंदूरच्या घरातून, लिफ्टमधून आणि मेट्रोतून

वस्तू चालती ठेवायची तर तिला सतत ढकलावे लागते, ही समजूत लहानपणापासून अंगात मुरलेली असते. हातगाडी ढकलणे थांबवले की हातगाडी थांबते, पायडल मारणे सोडले की सायकल मंदावते. मग नववीच्या वर्गात कळते की गती टिकवायला बल लागत नाही, गती बदलायला लागते. विद्यार्थी हे वाक्य परीक्षेत लिहून येतो आणि मनात जुनीच समजूत जपून ठेवतो. पुढे गणिते चुकतात त्याचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

जुनी समजूत निघते ती स्वतःच्या हाताने मोजल्यावर. म्हणून या लेखात सूत्रे मागून येतील आणि मोजमाप आधी. राजेंद्रनगर, रामबाग, टिळकनगर किंवा सुदामानगरातल्या साध्या घरात हे बहुतेक सगळे होऊ शकते. शाळेचे पुस्तक हिंदी असेल तर एवढे लक्षात ठेवा: तिथले द्रव्यमान म्हणजे इथले वस्तुमान, आणि तिथला भार म्हणजे इथले वजन. बल, वेग, त्वरण, घर्षण दोन्हीकडे तेच.

काय काय जमवायचे

दोन मीटर लांबीचा, एक इंची ॲल्युमिनियमचा एल-अँगल. तो सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो. कापून घेताना कडा कानशीने घासून मागा, नाहीतर बोट कापते. काचेची एक गोटी. स्प्रिंगचा हुकवाला काटा, ५ किंवा १० किलोचा. मोजपट्टीचा टेप, शिवणकामाचा जाड दोरा, लोखंडी नट, एक किलो मिठाचे बंद पाकीट, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि स्टॉपवॉच असलेला मोबाइल.

हुकवाला काटा डिजिटल घेऊ नका. प्रवासी सामान तोलायचे डिजिटल काटे आकडा स्थिर झाला की तिथेच अडकवून ठेवतात आणि आपल्याला तर बदलणारा आकडा पाहायचा आहे. स्प्रिंगचा काटा आडवा धरला की मात्र त्याचे शून्य सरकते, कारण उभे धरल्यावर हुकाचे स्वतःचे वजन स्प्रिंगला ताणत असते आणि आडवे धरल्यावर ते ताणत नाही. आडवा धरूनच शून्य जुळवा, किंवा सरकलेला फरक लिहून ठेवून प्रत्येक मापात मिळवा.

आधी गुरुत्वत्वरण स्वतः काढा

पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तो हा आकडा. पुस्तकात ९.८ दिलेले असते. तरी स्वतः काढा, कारण पुढची सगळी मापे याच आकड्यावर उभी राहणार आहेत आणि वेळ मोजण्याचा हातही इथेच बसतो.

१. नट दोऱ्याला बांधा आणि दोरा दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला घट्ट बांधा. दोरा खिळ्यावर सैल फिरत असेल तर झोक्यागणिक लांबी बदलते.

२. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर ठेवा. गाठीपर्यंत मोजणे ही सर्रास होणारी चूक आहे. एक सेंटीमीटर कमी मोजले की उत्तरात एक टक्का फरक पडतो.

३. नट बाजूला १० सेंटीमीटर ओढून सोडा, ढकलू नका. झोका मोठा घेतला की दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, थोडा वाढतो आणि साधे सूत्र लागू पडत नाही.

४. नट सर्वांत खालच्या बिंदूतून जाताना स्टॉपवॉच सुरू करा आणि तोंडाने "शून्य" म्हणा. त्याच दिशेने पुन्हा त्या बिंदूतून गेला की "एक". "वीस"ला थांबवा.

वेळ ४०.२ सेकंदांच्या आसपास यायला हवी. एका दोलनाला २.०१ सेकंद. आता ३९.४८ (४ गुणिले पायचा वर्ग) गुणिले लांबी, भागिले दोलनकालाचा वर्ग: उत्तर ९.८ च्या जवळ येते. इंदूरचे अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची सुमारे ५५० मीटर उंची धरली तर हे मूल्य ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग निघते. पुढे सगळीकडे तेच वापरू.

उत्तर १०.८ किंवा १०.९ आले तर मोजणी "शून्य"ऐवजी "एक"पासून सुरू झाली आहे. एकोणीस दोलने होऊन भागाकार विसाने झाला.

गती: गोटी उतारावर

बलाचा विचार इथे अजिबात करायचा नाही. गती नुसती पाहायची आणि लिहायची. गॅलिलिओने उतारावर गोळे घरंगळवले त्याचे कारण साधे होते: सरळ खाली पडणारी वस्तू इतकी वेगाने जाते की वेळ मोजता येत नाही, उतार तीच गती मंद करून दाखवतो.

एल-अँगल इंग्रजी व्ही अक्षरासारखा, कोपरा खाली करून ठेवा. टोकांना आणि मधे कणकेचे गोळे लावले की तो कलंडत नाही आणि मधे झुकतही नाही. आता सर्वांत महत्त्वाची पायरी, जी जवळजवळ सगळे गाळतात: अँगल जमिनीवर सपाट ठेवून गोटी मधोमध ठेवा. ती आपोआप घरंगळली तर तुमची फरशी उतरती आहे. घरातल्या फरशीला मोरीकडे उतार असतोच. दोन मीटरमध्ये नुसता ५ मिलिमीटरचा उतार असला तरी पुढच्या उत्तरात दहा टक्के चूक येते. कागदाच्या घड्या सारून गोटी जागच्या जागी थांबेल असे करा.

मग एक टोक ५ सेंटीमीटर उचला. खालच्या टोकाला लाकडाचा ठोकळा लावा म्हणजे "टक्" आवाज येईल. त्या ठोकळ्यापासून मागे ५०, १००, १५० आणि २०० सेंटीमीटरवर खुणा करा. गोटी खुणेवर पट्टीने अडवून धरा आणि पट्टी उताराच्या दिशेने झटकन काढा. वर उचलून काढली तर गोटीला फिरकी मिळते. प्रत्येक खुणेवरून पाचदा सोडा, आलेल्या पाचही वेळा चढत्या क्रमाने लिहून मधली घ्या. सरासरीपेक्षा मधली बरी, कारण एखाद्या वेळी बोट उशिरा पडले तरी तिच्यावर परिणाम होत नाही.

वेळा साधारण अशा येतील: ५० सेंटीमीटरला २.७ सेकंद, १०० ला ३.८, १५० ला ४.७, २०० ला ५.४. थोड्या जास्त आल्या तरी हरकत नाही; अँगलवर धूळ किंवा ओरखडे असले की तसे होते. पाहायचे ते हे की अंतर चौपट झाले आणि वेळ दुप्पट झाली. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आहे, म्हणजे त्वरण (वेग दर सेकंदाला किती बदलतो ते) सारखे आहे.

त्वरण काढायला अंतराची दुप्पट करा आणि वेळेच्या वर्गाने भागा: ४ भागिले २९.२, म्हणजे सुमारे ०.१४. इथे हुशार विद्यार्थी अडखळतो. उताराचे गणित सांगते की त्वरण ९.७९ गुणिले ५ भागिले २००, म्हणजे ०.२४ हवे. मिळाले त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. प्रयोग फसलेला नाही. ते गणित घसरणाऱ्या ठोकळ्याचे आहे आणि गोटी घरंगळते आहे. गुरुत्वाचा काही वाटा तिला फिरवण्यात खर्च होतो. सपाट फळीवर भरीव गोटीला ०.२४ चा पाच सप्तमांश मिळतो. काटकोनी व्ही-खाचेत ती दोन बाजूंना टेकते आणि पुढे जायला तिला जास्त फेरे घ्यावे लागतात, म्हणून वाटा पाच नवमांशावर येतो. ०.२४४८ चा पाच नवमांश ०.१३६. तुमचे मोजमाप बरोबर होते.

उतार जास्त ठेवण्याचा मोह टाळा. टोक २० सेंटीमीटर उचलले की दोन मीटरला २.७ सेकंदच लागतात. बोटाची ०.२ सेकंदाची चूक तेव्हा त्वरणात पंधरा टक्के होऊन बसते.

बल: खोके ओढा

आता ती जुनी समजूत. एका गुळगुळीत तळाच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या खोक्यात सामान भरून एकूण वस्तुमान ५ किलो करा. कोटा स्टोनच्या फरशीवर ठेवा. हुकवाला काटा अडकवून हळूहळू, आडव्या दिशेने ओढा. दोरी तिरपी वर गेली तर ओढ खोक्याला थोडे उचलते, फरशीवरचा दाब घटतो आणि घर्षण कमी भासते. त्यासाठी दोरी खोक्याच्या तळाजवळ बांधा आणि स्वतः खाली बसून ओढा.

काटा चढत जातो, खोके हलत नाही. म्हणजे घर्षण तुमच्या ओढीइतकेच वाढत जाते. ते ठरावीक आकड्याचे बल नव्हे, गरजेपुरते वाढणारे आणि एका मर्यादेला संपणारे बल आहे. मर्यादेला खोके सुटते आणि काटा थोडा मागे येतो. सुटतानाचा आकडा स्थितिक घर्षणाचा, चालतानाचा गतिक घर्षणाचा.

समजा चालताना काटा दीड किलो दाखवतो. काट्यावर किलो छापले असले तरी तो बल मोजतो, म्हणून ९.७९ ने गुणा: १४.७ न्यूटन. घर्षणाचा गुणांक काढायला गुणाकाराचीही गरज नाही, दीड भागिले पाच, ०.३. तुमच्या घरी आकडा वेगळा येईल. फरशीवर पाणी, पावडर किंवा मेण असेल तर फारच वेगळा.

ओढत राहा, पण एकसारख्या चालीने. दोन मीटर अंतर चार सेकंदांत, नंतर दोन सेकंदांत. काटा दोन्ही वेळा जवळजवळ तोच आकडा दाखवतो. हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण सगळ्या धड्याची किल्ली इथे आहे. चाल दुप्पट केली तरी बल दुप्पट लागले नाही. तुमची १४.७ न्यूटनची ओढ पुढे, घर्षणाचे १४.७ न्यूटन मागे, बेरीज शून्य, त्वरण शून्य. खोके चालते ठेवायला जे बल लागत होते ते घर्षण फेडायला लागत होते. एकसारख्या चालीला स्वतःचे असे बल लागतच नाही. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला पहिला नियम हाच.

दोन पडताळे घ्या. सामान वाढवून खोके १० किलोचे करा, ओढ दुप्पट होईल. मग तेच खोके अरुंद बाजूवर उभे करून ओढा. टेकणारे क्षेत्रफळ कमी होऊनही आकडा फारसा बदलत नाही. बदललाच तर त्या बाजूचा पृष्ठभाग वेगळा, खडबडीत किंवा चिकटपट्टी लावलेला आहे का ते पाहा.

दुसरा नियम: लिफ्ट आणि मेट्रो

दुसरा नियम सांगतो की बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. डिजिटल काटा लिफ्टच्या तळावर ठेवून त्यावर मिठाचे पाकीट ठेवा. काटा वाचत बसू नका, मोबाइलने त्याचा व्हिडिओ काढा आणि घरी थांबवत थांबवत पाहा. वर निघताना एक-दोन सेकंद आकडा १.०० वरून, समजा, १.०६ होतो. जास्तीच्या ०.०६ ला ९.७९ ने गुणले की लिफ्टचे त्वरण ०.५९ मीटर प्रति सेकंद वर्ग मिळते. मधले मजले जाताना आकडा पुन्हा १.०० वर येतो, लिफ्ट वर जात असली तरीही. थांबताना तो १.०० च्या खाली उतरतो. "वर जाताना वजन वाढते" असे ज्यांना वाटते त्यांनी तो मधला भाग पुनःपुन्हा पाहावा.

आकडा अजिबात बदलला नाही तर काट्याची चूक आहे: काही काटे एक-दोन सेकंदांची सरासरी दाखवतात, तोवर त्वरण संपलेले असते. फिरत्या तबकडीचा, माणसे तोलायचा जुना काटा असेल तर तो उत्तम. त्यावर ६० किलोचा माणूस निघताना साडेत्रेसष्ट किलोचा दिसू शकतो.

मेट्रोत हेच आडव्या दिशेने मोजता येते. इंदूर मेट्रोचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ ला सुरू झाला, गांधीनगरकडून सुपर कॉरिडॉरवर. २५ सेंटीमीटरच्या दोऱ्याला नट बांधा, वरचे टोक जाड पुठ्ठ्यावर पक्के करा आणि पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला सेंटीमीटरच्या खुणा करा. खिडकीला पाठ करून बसा, पुठ्ठा प्रवासाच्या दिशेला समांतर धरा, कोपरे मांडीवर टेकवा. गाडी सुटली की नट मागे सरकतो. तो लोंबकळत असतो, म्हणून दोन टोकांच्या मधली जागा वाचा. सरकलेले अंतर भागिले २५, गुणिले ९.७९, हे त्वरण. अडीच सेंटीमीटर म्हणजे ०.९८. गाडीने वेग पकडल्यावर दोरा सरळ उभा राहतो, आणि ब्रेक लागले की पुढे जातो. वेग किती हे दोरा कधीच सांगत नाही, वेग बदलतो आहे एवढेच सांगतो.

मोबाइलचा सेन्सर वापरायचा असेल तर जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे ॲप मोफत आहे. त्यातला गुरुत्वासहचा पर्याय उघडला तर टेबलावर निवांत पडलेला मोबाइलही ९.८ दाखवतो, आणि नवखा माणूस सेन्सर बिघडला समजतो. सेन्सर खरे तर टेबलाने मोबाइलला वर रेटलेले बल वाचत असतो. गाडीतल्या मोजमापासाठी गुरुत्व वगळलेला पर्याय घ्या.

बलांची आकृती

गणित सोडवण्याआधी आकृती काढण्याची सवय लावा. एकच वस्तू निवडा, तिच्याभोवती वर्तुळ काढा आणि फक्त त्या वस्तूवर लागणारी बले बाणांनी दाखवा. प्रत्येक बाणाशेजारी "कोणाचे" ते लिहा: पृथ्वीचे, फरशीचे, दोरीचे. ज्या बाणापुढे कोणाचेही नाव लिहिता येत नाही तो बाण खोडा. "गतीचे बल" नावाचा पुढे जाणारा बाण या एका नियमाने नाहीसा होतो, आणि तोच सर्वाधिक चुकांचे कारण असतो.

तिसऱ्या नियमाची (प्रत्येक क्रियेला तेवढीच, उलट दिशेची प्रतिक्रिया असते) गफलत इथेच होते. टेबलावरच्या पुस्तकाचे वजन आणि टेबलाचा वर रेटा यांना क्रिया-प्रतिक्रिया म्हणू नका. दोन्ही एकाच पुस्तकावर आहेत. पृथ्वी पुस्तकाला ओढते त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढते ती. जोडीतली बले नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, त्यामुळे ती एकमेकांना कधी फेडत नाहीत.

सरावाला एक प्रश्न: स्कूटर सुरू होताना तिला पुढे कोण ढकलते? "इंजिन" हे उत्तर अपुरे आहे, कारण इंजिन स्कूटरचाच भाग आहे. मागचे चाक रस्त्याला मागे रेटते आणि रस्ता घर्षणाने चाकाला पुढे रेटतो. पहिल्या पावसात तेल आणि धुळीचा चिखल झाला की रस्ता तेवढे रेटू शकत नाही आणि चाक जागीच फिरते.

थांबतानाही तेच घर्षण. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर (५ ने गुणून १८ ने भागा). ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर १० मीटर गेले, नंतर ५ मीटर प्रति सेकंद वर्ग या मंदनाने (वेग कमी करणाऱ्या त्वरणाने) आणखी १० मीटर. एकूण २०. वेग ७२ केला की २० अधिक ४०, एकूण ६० मीटर: वेग दुप्पट, अंतर तिप्पट. ओल्या रस्त्यावर मंदन निम्मे झाले तर ते ४० चे ८० होतात आणि एकूण १०० मीटर लागतात. सुपर कॉरिडॉरवर रिकामा रस्ता पाहून दुचाकी पळवणाऱ्याने हे गणित एकदा स्वतः करून पाहावे.

वळणे म्हणजे सुद्धा त्वरण

चाल तीच राहून दिशा बदलली तरी वेग बदलतो (वेगात दिशाही धरतात), म्हणून बल लागते. खोडरबर दोऱ्याला बांधून डोक्यावर आडवे फिरवा आणि समोर ठेवलेल्या बादलीत सोडून पाहा. बहुतेक जण दोरा बादलीच्या दिशेला आला की सोडतात आणि खोडरबर बाजूला जाते. सुटलेली वस्तू त्या क्षणी जिकडे जात होती तिकडेच सरळ जाते, म्हणून पाव फेरा आधी सोडावे लागते.

राजेंद्रनगरजवळच्या राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, ज्याला अजून पुष्कळ लोक कॅटच म्हणतात, इंडस-२ या यंत्रात इलेक्ट्रॉन असेच फिरवले जातात. कड्याचा घेर सुमारे १७२ मीटर आहे आणि इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या मारतात. या वेगाला बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हे शाळेतले रूप पुरत नाही, पण पहिला नियम जसाच्या तसा लागू असतो. कडे गोल नाही. वळण देणारे १६ चुंबक आहेत, प्रत्येक साडेबावीस अंशांचे, आणि त्यांच्यातली वळणे जोडली तर जेमतेम ३५ मीटर होतात. उरलेल्या वाटेवर कडे सरळ आहे. तिथले इतर चुंबक झोताला पसरू न देण्यासाठी असतात. वळणाच्या चुंबकाचे बल सतत गतीला काटकोनात राहते, त्यामुळे दिशा बदलते, चाल वाढत नाही. वळताना इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतात आणि त्यांची ऊर्जा घटते. ती भरून काढायला गतीच्याच दिशेने रेटा देणारी रेडिओ-लहरींची पोकळी वेगळी बसवावी लागते.